बाळकुमचा पाऊस पुण्याच्या महासंगणकाला कधी दिसणार?

प्रश्न : मी बाळकुमला राहतो. पावसाळ्यात रोज सकाळी मोबाइलवर ठाण्याचा अंदाज बघूनच घराबाहेर पडतो. कित्येकदा अंदाज 'मुसळधार' म्हणतो आणि बाळकुम नाक्यावर रस्ता कोरडा असतो. उलट कधी 'हलक्या सरी' म्हटलेले असते आणि कापूरबावडी गाठेपर्यंत मी चिंब होतो. त्याच वेळी डोंबिवलीचा भाऊ फोनवर सांगतो की तिकडे लख्ख ऊन पडले आहे. पुण्यात हवामानासाठी मोठा महासंगणक बसवल्याचे वाचले होते. मग बाळकुमचा पाऊस बाळकुमपुरता का सांगता येत नाही? आणि आमच्याकडे पाणी साचणार की नाही, हे तरी आधी कळू शकेल का?
— एक वाचक, बाळकुम, ठाणे (प.)

उत्तर : महासंगणकाच्या हिशेबात बाळकुम ही वेगळी जागा अजून नाही. ते एका मोठ्या चौकोनाचा भाग आहे आणि अंदाज निघतो तो त्या चौकोनाचा. हा चौकोन लहान करत नेण्यात आपल्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली आहे. मात्र अंदाज तुमच्या गल्लीपर्यंत यायचा असेल, तर पुढचे बरेचसे काम तुमच्या गल्लीतच व्हावे लागेल. हे कसे, ते एकेक करून पाहू.

चौकोनांचा हिशेब

हवा कशी वाहते, तापल्यावर कशी वर चढते, तिच्यातल्या बाष्पाचे पाणी केव्हा होते, याचे नियम भौतिकशास्त्राला ठाऊक आहेत. आत्ताच्या हवेची स्थिती नीट मोजली, तर या नियमांच्या आधारे उद्याची स्थिती गणिताने काढता येईल, हा विचार नॉर्वेचे शास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्कनेस यांनी 1904 मध्ये मांडला. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने तो हाताने करून पाहिला. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेण्याचे काम करता करता त्याने फक्त सहा तासांच्या अंदाजाचे गणित मांडले. त्याला कित्येक आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकले. तरीही ते गणित त्याने 1922 मध्ये पुस्तकात जसेच्या तसे छापले, कारण पद्धत बरोबर आहे याची त्याला खात्री होती. 1950 मध्ये अमेरिकेतल्या एनिॲक या संगणकावर पहिला यशस्वी अंदाज निघाला. तेव्हा चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीस तासच लागले होते.

आजही पद्धत तीच आहे. पृथ्वीभोवतीच्या हवेचे लांबी-रुंदी-उंचीत लहान लहान भाग पाडायचे. प्रत्येक भागाला तापमान, दाब, आर्द्रता आणि वारा यांचा एकेक आकडा द्यायचा. मग काही मिनिटांनी हे आकडे किती बदलतील ते काढायचे, नव्या आकड्यांवरून पुढच्या काही मिनिटांचे काढायचे, आणि असे दहा दिवसांपर्यंत जायचे.

यात खरी अडचण येते ती चौकोन लहान करताना. चौकोनाची बाजू निम्मी केली की तेवढ्याच भूभागावर चौपट चौकोन बसतात. शिवाय लहान चौकोनातून हवा लवकर पलीकडे जाते, म्हणून वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे काम सुमारे आठपट वाढते. अंदाज मात्र पाऊस पडण्याआधी हातात यायला हवा. हवामानाला महासंगणक लागतो तो यासाठीच.

आपल्या देशात या यंत्रांची गोष्ट पुण्याशी घट्ट जोडलेली आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेकडून महासंगणक मिळवताना भारताला नकार आणि अटी दोन्हींना तोंड द्यावे लागले. त्यानंतर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार झाला. त्याच शहरात, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था म्हणजे आयआयटीएम आहे. तिथे 2018 मध्ये 'प्रत्युष' आला आणि सप्टेंबर 2024 मध्ये 'अर्का' कार्यान्वित झाला. तुम्ही वाचलेला महासंगणक तो हाच असावा. अर्काची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे 11.77 गुणिले एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. त्याच्या जोरावर 26 मे 2025 रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टम' देशाच्या सेवेत आली. ती आयआयटीएममध्येच घडली. तिच्यामुळे चौकोनाची बाजू 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आली आहे. प्रत्युषला ज्या अंदाजासाठी दहा तासांपर्यंत वेळ लागे, तो अर्का सुमारे चार तासांत काढतो.

6 किलोमीटर बाजूचा चौकोन म्हणजे 36 चौरस किलोमीटर. तुमच्या भागाच्या नकाशावर तो ठेवून पाहा. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, माजिवडा आणि खाडीपलीकडचे कशेळी एक-दोन चौकोनांत सहज मावतात. डोंबिवली सरळ रेषेत दहाएक किलोमीटरवर आहे, म्हणून ती वेगळ्या चौकोनात जाते. तुमच्या भावाकडचे ऊन आणि तुमच्याकडचा पाऊस हा फरक आता या गणितात निदान उमटू तरी शकतो. बाळकुम नाका आणि कापूरबावडी यांच्यातला फरक मात्र उमटणार नाही.

दुसरे असे की पावसाळी ढग पुष्कळदा एक-दोन किलोमीटरच रुंद असतो. 6 किलोमीटरच्या चौकोनात असा ढग सुटा दिसत नाही. म्हणून चौकोनातल्या एकूण बाष्पावरून आणि तापमानावरून ढगांचा सरासरी परिणाम अजमावणारी सूत्रे वापरावी लागतात. सरासरी म्हटली की चौकोनाच्या एका टोकाला कोसळणारी सर आणि दुसऱ्या टोकाचा कोरडा रस्ता एकत्र मिसळतात. त्यातून 'हलक्या सरी' हे उत्तर निघते, आणि ते चौकोनापुरते बरोबरही असते.

ठाण्यात हा फरक जास्त जाणवतो. शहराच्या एका बाजूला येऊरचे डोंगर आहेत आणि दुसऱ्या बाजूला खाडी. पश्चिमेकडून आलेली दमट हवा डोंगरावर चढताना गार होते आणि तिथे जास्त पाऊस देते. दोन-चार किलोमीटरवर पावसाचे मान पालटते. याचे टोक आपण 26 जुलै 2005 ला पाहिले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि तिथून 25 किलोमीटरच्या आत असलेल्या कुलाब्याला फक्त 73. शहर एकच, पण एका वेधशाळेत प्रलय आणि दुसरीत जुलैमधला साधा पावसाळी दिवस.

अंदाज कसा वाचायचा

कित्येक मोबाइलमधले हवामानाचे चित्र एखाद्या जागतिक प्रारूपातल्या चौकोनाचा आकडा उचलून दाखवते. त्यावर तुमच्या भागाची माहिती असलेल्या माणसाची नजर फिरलेली नसते. भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज वेगळा असतो. त्यातले शब्द मोजून मापून वापरलेले असतात.

'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर. 'अतिमुसळधार' म्हणजे 204.4 पर्यंत, आणि त्यापुढचा 'अत्यंत मुसळधार'. 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ जिल्ह्यातल्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. म्हणजे 'ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार' असे म्हटले, तर जिल्ह्याच्या बहुतेक भागात मुसळधार पाऊस होणार नाही, असेच हवामान विभाग सांगत असतो. ठाणे जिल्हा शहापूरच्या डोंगरांपासून मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला आहे. त्या पाव हिश्श्यात बाळकुम असेलच असे नाही.

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती पडेल याबरोबरच तो पडण्याची शक्यता आणि त्याने होणारे नुकसान यांचाही विचार होतो.

शक्यता येते कुठून? सुरुवातीची स्थिती कधीच पूर्ण अचूक मोजता येत नाही. अरबी समुद्रावर तर मोजमापाची केंद्रे फारच विरळ आहेत. सुरुवातीच्या आकड्यातली लहानशी चूक काही दिवसांत मोठी होते. म्हणून तेच गणित सुरुवातीचे आकडे किंचित बदलून पुन्हा पुन्हा सोडवतात. भारतात जून 2018 पासून अशा 21 गणितांचा संच वापरात आला. त्यांपैकी बहुतेक गणितांत पाऊस निघाला तर खात्री जास्त, मोजक्यांत निघाला तर कमी. अंदाजकर्ता 'शक्यता आहे' म्हणतो, ते या सगळ्या उत्तरांवरून.

घराबाहेर पडताना काय पाहावे

पुढच्या दोन-तीन तासांसाठी महासंगणकाच्या अंदाजापेक्षा रडार अधिक उपयोगाचे. मुंबईत कुलाब्याला एक डॉप्लर रडार आहे आणि जानेवारी 2022 मध्ये वेरावलीला दुसरे सुरू झाले. वेरावली बाळकुमपासून सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. रडार सूक्ष्मलहरी सोडते, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. परतलेल्या लहरींच्या जोरावरून थेंब किती आणि केवढे, याचा अदमास येतो. लहरीत पडलेल्या फरकावरून ढग जवळ येतोय की लांब जातोय, तेही कळते. हवामान विभागाची 'पुढील तीन तासांत ठाणे, रायगड...' ही सूचना मुख्यतः रडारच्या जोरावर निघते. 'मौसम' या सरकारी ॲपवर ती पाहता येते. विजांसाठी आयआयटीएमचे 'दामिनी' ॲप आहे. सकाळी निघताना जिल्ह्याच्या अंदाजासोबत हीही सूचना पाहिलीत, तर निम्मी फसगत टळेल.

रडारलाही मर्यादा आहेत आणि तिथूनच आपण मूळ मुद्द्याकडे येतो. परतलेल्या लहरीचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. 1 मिलिमीटरचा थेंब जेवढी लहर परत पाठवतो, त्याच्या 64 पट लहर 2 मिलिमीटरचा थेंब पाठवतो, पण त्यात पाणी असते आठपटच. मोजके मोठे थेंब आणि पुष्कळ बारीक थेंब रडारला सारखेच दिसू शकतात, जमिनीवर पडणारे पाणी मात्र वेगळे असते. शिवाय रडार जितके लांब पाहते, तितका त्याचा झोत जमिनीपासून उंच जातो. म्हणून रडारचा आकडा जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी पडताळून घ्यावाच लागतो. अंदाज बरोबर आला की चुकला, हेही शेवटी पर्जन्यमापकच सांगतो.

स्वयंचलित पर्जन्यमापक आतून फार साधा असतो. वर सुमारे 20 सेंटीमीटर व्यासाचे नरसाळे. खाली सी-सॉच्या फळीसारख्या आडव्या दांडीवर दोन्ही टोकांना दोन लहान कप्पे. नरसाळ्यातले पाणी एका कप्प्यात साचते. त्यात अर्धा मिलिमीटर पावसाचे पाणी, म्हणजे जेमतेम 16 मिलिलिटर, साचले की कप्पा जड होऊन कलतो, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर दांडीवरचे चुंबक एका स्विचजवळून जाते आणि एक विद्युत-टिचकी नोंदली जाते. दहा मिनिटांत 40 टिचक्या म्हणजे 20 मिलिमीटर पाऊस. हा आकडा मोबाइलच्या सिमवरून मुख्य संगणकाकडे जातो. एवढ्या साध्या यंत्राशिवाय अर्काच्या गणितात बाळकुमसाठी खरा आकडा येणार कुठून?

आता पाणी साचण्याचा प्रश्न

हा प्रश्न पावसापेक्षा वेगळा आहे आणि बाळकुमसाठी जास्त महत्त्वाचा. एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा कोटी लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक वाढले की त्यातले फारच थोडे जमिनीत मुरते. बाकीचे नाल्यांतून खाडीला जायला हवे. खाडीला भरती असेल तर ते जाणार कसे?

भरतीचा अंदाज मात्र पावसाइतका अवघड नाही. चंद्र-सूर्याच्या गती नियमित असल्यामुळे भरतीची वेळ आणि उंची कित्येक महिने आधी काढता येते. मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात मुंबईची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. बाळकुमजवळची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुखाकडचे पात्र, त्यामुळे इथे पाऊस आणि भरतीबरोबर तिसरी गोष्टही मोजावी लागते, ती म्हणजे नदीतून वरून येणारे पाणी. उल्हास बोरघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याणवरून येते. काळू नदी तिला कल्याणजवळ मिळते. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते याच नदीच्या पाण्यामुळे. म्हणून बाळकुमच्या नाल्यांची स्थिती तिथल्या पावसावर, खाडीच्या भरतीवर आणि कर्जत-बदलापूरच्या पावसावरही ठरते.

ही सगळी गणिते एकत्र मांडता येतात. मुंबईसाठी 12 जून 2020 रोजी 'आयफ्लोज-मुंबई' ही पूरइशारा यंत्रणा सुरू झाली. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने ती मुंबई महापालिकेबरोबर उभारली. पावसाचा अंदाज, शहरातले पर्जन्यमापक, जमिनीची उंची, नाले, नद्या आणि भरती हे सर्व एकत्र घेऊन कोणत्या विभागात किती पाणी चढेल, हे सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत आधी सांगण्यासाठी तिची रचना केली आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या हवामान-अभ्यासकांनी 2024 च्या पावसाळ्यात मुंबईसाठीच एक प्रायोगिक यंत्रणा आणली. तिच्यात स्थानिक पावसाचा अंदाज आहे आणि आपल्या भागात पाणी किती चढले हे नागरिक स्वतः कळवू शकतात.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. हे कळू शकते, आणि ते शास्त्र तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर काम करत आहे. पण यातले काहीही बाळकुमला आयते लागू पडत नाही. मुंबईच्या गणितात मुंबईचे नाले आहेत. बाळकुमसाठी बाळकुमच्या नाल्यांची रुंदी, खोली आणि उतार लागेल. इमारतींनी बदललेल्या जमिनीची आजची उंची लागेल. खाडीच्या तोंडाशी पाण्याची पातळी मोजणारे यंत्र लागेल. भागात तीन-चार तरी स्वयंचलित पर्जन्यमापक लागतील. यातल्या कशालाही महासंगणक लागत नाही. सर्वेक्षण, थोडी साधने आणि नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवण्याची शिस्त एवढे पुरे. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. उपयोजित संशोधनाचा खरा कस प्रयोगशाळेतून निघून एखाद्या नाल्याच्या काठापर्यंत पोचताना लागतो, आणि या शेवटच्या टप्प्यासाठी पैसा व माणसे सर्वांत शेवटी मिळतात. महासंगणकाइतक्याच अगत्याने हा टप्पाही पुरा व्हायला हवा.

तुम्ही काय करू शकता

तुमच्या सोसायटीने या पावसाळ्यात साधा पर्जन्यमापक बसवावा. बाजारात तयार मिळतो. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचे, सरळ भिंतींचे पारदर्शक भांडेही चालेल, कारण त्यात पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. भांडे उघड्या जागी ठेवा. जवळच्या भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. गच्चीच्या कठड्याजवळ वारा गिरक्या घेतो, तिथे आकडा चुकतो. रोज सकाळी साडेआठला मोजा आणि भांडे रिकामे करा. हवामान विभागाचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरतात, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येईल. पाणी साचले तर कुठे, किती वाजता आणि किती इंच, हे लिहून ठेवा. त्या वेळची भरतीची उंचीही शेजारी नोंदवा. एखाद्या ठरलेल्या खांबावर रंगाने पट्ट्या आखल्या तर मोजणे सोपे जाईल.

दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा नोंदी झाल्या की किती पाऊस आणि किती भरती एकत्र आली असता तुमच्याकडे पाणी चढते, हे तुम्हालाच सांगता येऊ लागेल. त्या नोंदी घेऊन ठाणे महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे जा. भागासाठी स्वयंचलित पर्जन्यमापक आणि नाल्यावर पातळीमापक मागा, आणि त्यांचे आकडे लोकांना खुले असावेत असाही आग्रह धरा. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय द्या. संगणक, सेन्सर आणि स्थापत्य या तिन्ही शाखांना त्यात काम आहे. मुंबईची यंत्रणा अशाच मोजमापांवर उभी राहिली. बाळकुमची त्यासाठी लागणारी पहिली नोंद उद्या सकाळी साडेआठला करता येईल.